बाबांची स्ट्रॅटोकास्टर विकू, रंगवू की पोराला देऊ?

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव देत नाही, मजकूरही आवरून देतोय. त्यांचे वडील ८० च्या दशकात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, गणपतीत आणि लग्नसराईत. १९८४ ला बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राकडून त्यांनी एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, घेतली. बाबा मागच्या वर्षी गेले आणि गिटार कपाटावर पडून आहे. मागच्या धातूच्या प्लेटवर मोठा एफ आणि ४ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर आहे. नेक, म्हणजे जिच्यावर तारा दाबतात ती लांब दांडी, तीन स्क्रूंवर बसवलाय, पण नेटवर बघावं तिथे चार दिसतात, म्हणून नकली असल्याची धाकधूक आहे. मूळ रंग सनबर्स्ट (मधे उजळ, कडेला गडद) होता, पण बाबांनी नंतर एका गाड्या रंगवणाऱ्याकडून लाल मारून घेतला. एक पिकअपही, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भागही, बदललाय. दुकानदार ६० हजार म्हणतो, नेटवर 'सेम टू सेम' गिटार साडेपाच लाखांना आहे. एक कारागीर म्हणतो, लाल काढून परत सनबर्स्ट करून देतो, किंमत डबल होईल. न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो इकडे पाठव, डॉलरमध्ये विकू. आणि १५ वर्षांचा मुलगा रोज विचारतो, आई मी वाजवू का. ताईंचा प्रश्न एवढाच, की खरी किंमत किती आणि आम्ही करायचं काय?

ताई, आधी त्या कारागिराला फोन करा आणि थांबायला सांगा. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, चहा घेऊन वाचलंत तरी चालेल, पण हा फोन आजच.

आता तुमच्या 'खरी किंमत' बद्दल. तुमच्याकडे आलेले आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत हो. दुकानदाराचा आकडा म्हणजे तो किती देणार, नेटवरचा म्हणजे कुणीतरी किती मागतोय, आणि भावाच्या डोक्यातला म्हणजे अमेरिकेत चांगल्या अवस्थेतली गिटार कितीला जाते तो. यातला एकही आकडा तुमची गिटार उघडून बघून सांगितलेला नाहीये. आणि उघडल्याशिवाय जुन्या इलेक्ट्रिक गिटारबद्दल कुणी ठामपणे काही सांगत असेल तर त्याला एकतर घाई आहे नाहीतर त्याला ती स्वस्तात हवी आहे.

तीन स्क्रूंची काळजी सोडा. फेंडरने स्ट्रॅटोकास्टर १९५४ ला आणली तेव्हापासून नेक चार स्क्रूंवरच होता, पण १९७१ ला तीनवर आले आणि १९८१ पर्यंत तसंच चाललं. त्याच काळातल्या गिटारींना डोक्यावर, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाला, बंदुकीच्या गोळीच्या टोकासारखा एक धातूचा गोल दिसतो, तो ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक आवरणाऱ्या आतल्या सळईचा नट. डोकंही मोठं असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत हे सगळं आहे. म्हणजे तुम्ही ज्याला नकलीपणाची खूण समजताय तीच त्या काळाची खूण आहे. फक्त तेवढ्यावर अस्सल म्हणून शिक्का मारता येत नाही, कारण ७० च्या दशकात जपानमध्ये याच मॉडेलच्या हुबेहूब कॉप्या धडाक्याने बनत होत्या आणि त्यांनी तीन स्क्रू आणि ती गोळीसुद्धा उचलली होती. डोक्यावरचं नाव तर काय, स्टिकर आहे ते, कुणीही चिकटवतं.

नंबरचंही तसंच. एफ आणि ४ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर म्हणजे साधारण १९७३ ते ७६. साधारण म्हणतोय कारण कारखान्यात या प्लेटा डब्यात पडलेल्या असायच्या, हाताला येईल ती लावायची, क्रम वगैरे काही नाही. शिवाय प्लेट तीन स्क्रू काढले की सुटते, दुसऱ्या गिटारला बसते. आपल्याकडे लोक नंबरलाच जन्मदाखला समजतात आणि त्यावरून भांडतात. नंबर हा एक साक्षीदार आहे एवढंच, बाकीचे साक्षीदार आत बसलेत.

तर आत बघायचं कसं. तारा सगळ्या सारख्या सारख्या ढिल्या करत आणा, एकदम एकच तार सोडू नका. पुढची पांढरी प्लास्टिकची पट्टी, पिकगार्ड, अकरा स्क्रूंनी बसलेली असते. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, घरातला जो सापडेल तो नको, नाहीतर पन्नास वर्षं टिकलेल्या स्क्रूचं डोकं तुमच्या हातून जाईल. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो. पिकगार्ड हळूच उलटी केली की मागे तीन गोल पॉट, म्हणजे बटणांखालचे फिरणारे भाग, दिसतील, व्हॉल्यूमचा एक आणि टोनचे दोन. त्यांच्या कडेवर किंवा पाठीवर बारीक आकडे ठोकलेले असतात. समजा १३७७३२६ दिसलं, तर १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, ७३ म्हणजे १९७३, आणि २६ म्हणजे त्या वर्षाचा सव्विसावा आठवडा. ३०४ असेल तर स्टॅकपोल नावाची कंपनी. यावरून पॉट कधी बनला ते कळतं, पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याच्या आधी बनलेली असू शकत नाही, नंतर कितीही असू शकते. फेंडरकडे १९६६ चे पॉट इतके भरून ठेवलेले होते की ते पुढच्या दोन-तीन वर्षांच्या गिटारींतही निघतात.

पण माझी नजर आकड्यांच्या आधी सोल्डरवर जाते. कारखान्यातलं सोल्डर जुनाट, मंद राखाडी दिसतं. नंतर कुणी हात घातला असेल तर ताजं चकचकीत दिसतं, कधी गठ्ठा झालेला, कधी वायरचं इन्सुलेशन करपलेलं. तुमच्या बदललेल्या पिकअपच्या वायरींपाशी हे दिसणारच, ते ठीक आहे. प्रश्न बाकीच्या दोघांचा आहे. त्यांच्या वायरी न हललेल्या दिसल्या तर ते दोन मूळचे असण्याची शक्यता बरीच वाढली. पिकअप निवडायचा स्विचही बघा, १९७७ पर्यंत फेंडर तीनच जागांचा स्विच द्यायची, पाच जागांचा असेल तर तो नंतर लावलेला. हा बदल इतक्या जणांनी केलाय की त्याने किंमत फारशी हलत नाही.

त्याच वेळी पोकळीतल्या लाकडाकडेही बघा, गाडीवाल्याने पिकगार्ड न काढता रंग मारला असेल तर खाली मूळ सनबर्स्टची कड शिल्लक असेल, तिचा फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येईल. नेक मात्र घरी काढू नका, त्या तीन स्क्रूंच्या जोडीला आत कोन बदलण्याचा एक बारीक स्क्रू असतो आणि परत बसवताना गडबड होते. नेकच्या टाचेवर शिक्का किंवा कोड असतो, तो चांगल्या गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून तुमच्या डोळ्यांसमोर बघून घ्या. गिटार त्याच्याकडे ठेवून यायची नाही. भामटे आहेत म्हणून नाही सांगत, पण जुने पॉट आणि जुने पिकअप सुटे विकले जातात, चांगल्या भावाने, आणि बदललेलं तुम्हाला कळणारही नाही.

आता रंगाचं. तो कारागीर म्हणतोय किंमत डबल होईल, तर बाजार नेमकं उलटं वागतो. जुन्या गिटारींच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब सगळेच धरतात, मूळ रंग गेला की किंमत साधारण अर्धी. लाल असो, सनबर्स्ट असो, रंगवणारा कितीही कलाकार असो. तुमच्या गिटारची ती अर्धी किंमत बाबांनी लाल मारला त्या दिवशीच गेली, ती परत येत नाही. दुसऱ्यांदा रंगवलंत तर काय होईल? रंग काढताना घासणार, लाकूड थोडं खाणार, कडा गोल होणार, पोकळीतला उरलासुरला मूळ रंगही जाणार, म्हणजे पुरावा पण गेला. आणि वर कारागिराचं बिल. गंमत अशी की फेंडरचाच खास महागड्या गिटारी बनवणारा विभाग, कस्टम शॉप, १९९५ पासून कोऱ्या करकरीत गिटारी मुद्दाम घासून, रंग उडवून, गंज चढवून विकतोय आणि लोक त्याचे जास्तीचे पैसे मोजतात. आणि आपण खरोखर झिजलेल्या गिटारला चकाचक करायला निघतो.

शिवाय तो लाल काही कचरा नाहीये. १९६८ च्या सुमाराला फेंडरने जुनं नायट्रो लॅकर सोडून जाड पॉलिस्टर वापरायला घेतलं, ते दगडासारखं असतं, त्यामुळे गाडीवाल्याने वरून नुसता मारला असेल तर खाली सनबर्स्ट अजून असूही शकतो. ते कुणीतरी जाणकार सावकाश बघेल. तोपर्यंत ना पॉलिश, ना थिनर, ना घासणी. ब्रिजवरचा गंज, घामाने काळवंडलेले स्क्रू, सगळं आहे तसं, फक्त कोरड्या सुती कपड्याने धूळ पुसा.

आता तुम्ही ज्यावर सगळं उभं केलंय त्या गोष्टीकडे येतो, की जुनी आहे म्हणजे भारी आहे. ताई, फेंडरच्या बाबतीत जुनी म्हणजे किती जुनी हा मोठा प्रश्न आहे. लिओ फेंडरने कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. त्याच्या आधीच्या गिटारींना वेगळाच भाव आहे, तिथे लोक घर विकायला काढतील असे आकडे चालतात. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीच्या १९५८ ते ६० मधल्या सनबर्स्ट लेस पॉल तर लाखो डॉलरला जातात. पण ७० च्या दशकातल्या फेंडरबद्दल गिटारवालेच कुरकुरतात. ॲशची जड लाकडं, काही गिटारी चार किलोच्या वर, गळ्यात अडकवून तीन तासांचा प्रोग्राम करा म्हणजे कळेल. नेक बसतो तो खड्डा सैल, तीन स्क्रू, त्यामुळे नेक बाजूला सरकतो आणि बारीक तार कडेवरून घसरते. त्याच काळात उत्तम गिटारीही बाहेर पडल्या, पण नग बघून ठरवावं लागतं, साल बघून नाही. जुनं लाकूड वाळून आवाज गोड होतो वगैरे गप्पा मी ऐकून घेतो, थोडं तथ्य असेलही, पण वाईट जुळलेली गिटार पन्नास वर्षांनी चांगली होत नाही, ती पन्नास वर्षं जुनी वाईट गिटार होते.

म्हणून किंमत बाजूला ठेवून आधी गिटार गिटार म्हणून कशी आहे ते तपासा, मुलाला बरोबर घ्या, त्याला मजा येईल. तारा पुन्हा सुरात आणल्यावर सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकाच वेळी दाबा आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यात किती फट आहे बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर नेक ठीक आहे, त्यात बोट शिरतंय म्हणजे वाकलाय, ट्रस रॉड फिरतोय का ते बघावं लागेल, आणि हे दुरुस्तीवाल्यानेच करायचं. मग बाहेरच्या दोन्ही तारा नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा. फ्रेटवर तारेखाली खड्डे पडलेत का तेही. तुमच्या बाबांनी दणकून वाजवलंय, तर पडले असणार, आणि नवे फ्रेट घालायला लागले तर खर्च आहे, पण जिच्यावर वाजवलंय त्या गिटारला ते होतंच, घेणाराही ते समजून घेतो.

पिकअप जिवंत आहेत का ते मल्टीमीटरने कळतं. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, मीटर २० किलो ओहमवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनचं टोक आणि दांडा यांना मीटरच्या दोन सुया टेकवा. स्विच एकेका पिकअपवर न्या. त्या काळचे स्ट्रॅटचे पिकअप साडेपाच ते साडेसहाच्या आसपास दाखवतात. बदललेला कदाचित आठ-नऊ दाखवेल. एखाद्यावर मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली असेल, केसापेक्षा बारीक असते ती आणि आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत गंजते. अशी तुटली तरी फेकायचं नाही, परत गुंडाळून मिळते. आणि हो, बाबांच्या ट्रंकेत, कपाटात, जुन्या बिस्किटाच्या डब्यात बघा, काढलेला मूळ पिकअप तिथे कुठेतरी पडलेला असेल तर तो आणि ब्रिजचा, सूर हलवायचा दांडा, ब्रिजवरचं धातूचं झाकण, जुनी केस, जे सापडेल ते सगळं एकत्र ठेवा. ऑर्केस्ट्रावाले काही फेकत नाहीत.

आता पैसे. साडेपाच लाखांची ती जाहिरात विसरा, मागणारा काहीही मागतो. रिव्हर्ब या वाद्यांच्या साईटवर किंवा ईबेवर विकल्या गेलेल्या गिटारींच्या किमती वेगळ्या बघता येतात, त्या बघा, आणि फक्त अशाच बघा ज्या त्याच काळातल्या आहेत, पुन्हा रंगवलेल्या आहेत आणि पिकअप बदललेल्या आहेत. पूर्ण मूळ अवस्थेतली ७० च्या दशकातली स्ट्रॅट अमेरिकेत काही हजार डॉलरच्या घरात असते. तुमची त्याच्या निम्म्यात धरा, बदललेल्या पिकअपचं थोडं अजून वजा करा. आणि मग दुकानदाराचे ६० हजार. सोनाराकडे जुना दागिना मोडायला नेल्यावर तो घडणावळ धरत नाही तसंच हे, त्याला ती घेऊन, दुरुस्त करून, गिऱ्हाईक मिळेपर्यंत ठेवायची आहे, आणि आपल्याकडे असं गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. म्हणजे ६० हजार हा दरोडा नाही. पण न उघडता दिलेला पहिला आकडा आहे, आणि तो कधीच शेवटचा नसतो. आतले फोटो आणि पॉटचे नंबर घेऊन अजून दोघा-तिघांना विचाराल तेव्हा आकडे आपोआप वर सरकतील, किंवा सगळे तेच सांगतील, मग तोच भाव.

बाबांनी वाजवलेली म्हणून काही जास्त? बाजारात नाही, वाईट वाटून घेऊ नका. पिंक फ्लॉइड या प्रसिद्ध बँडच्या डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅट २०१९ ला न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. तिचे नेक, पिकअप, किती काय काय बदललेलं होतं, आपण वर मांडलेल्या हिशोबाने ती बिचारी फार खाली असती. तिथे लोकांनी लाकडाचे पैसे दिले नाहीत. त्यामुळे तुमच्या बाबांचे स्टेजवरचे फोटो, प्रोग्रामची हँडबिलं गिटारबरोबर जपाच, पण त्याचे पैसे तुमच्या घरातच आहेत.

भावाचं म्हणणं तसं बिनबुडाचं नाही, गिऱ्हाईक तिकडे जास्त आहे हे खरंच. पण पाठवणावळ, तिथल्या साईटचं कमिशन, वाटेत डोकं मोडण्याची भीती आणि 'सांगितलं तसं नाही' म्हणून परत आलेली गिटार, हे सगळं धरून हिशोब करायला सांगा त्याला. फिंगरबोर्ड कशाचा आहे तेही बघा. पिवळा मेपल असेल तर प्रश्नच नाही. गडद असेल तर शिसवाच्या जातीचं लाकूड असणार, आणि त्यात ब्राझिलियन शिसवाला १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात सगळ्यात कडक नियम आहेत. ७० च्या दशकातल्या फेंडरवर बहुतेक आपल्याकडचंच भारतीय शिसव असतं, आणि तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटापासून त्यात सूट मिळाली आहे, तरी पाठवायच्या आधी लाकूड कुठलं ते त्या दुरुस्तीवाल्याकडून लिहून घ्या. न्यायचीच ठरली तर भावाने पुढच्या फेरीत कडक केसमध्ये स्वतः न्यावी, कुरियरने नको.

मी तुमच्या जागी असतो तर विकली नसती, आणि हे भावनेपोटी नाही सांगत. मूळ रंगातली, एकही स्क्रू न हललेली गिटार असती तर मी म्हटलं असतं, पोराला दुसरी घेऊन द्या आणि हिला जपून ठेवा, कारण तिथे प्रत्येक ओरखड्याचे पैसे जातात. तुमच्या गिटारचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलंय. तिला वाजवल्याने आता किंमत फारशी उतरणार नाही, कपाटावर ठेवल्याने वाढणार तर अजिबात नाही, उलट दोन पावसाळ्यात पिकअप गंजतील आणि केसमध्ये बुरशी येईल. तिचा एक नीट सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची जुळणी, करून घ्या, तारा नऊ किंवा दहा नंबरच्या जाडीच्या, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि पोराला दोन गोष्टी बजावून सांगा. लाकडात नवीन भोक पाडायचं नाही, आणि एखादा भाग बदललाच तर जुना पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवायचा. बदललेला पिकअप मोठ्या आवाजाचा असेल तर त्याला तोच आवडणार आहे बघा, राहू दे.

पण भावाला विचारल्याशिवाय नाही हां. गिटार बाबांची होती म्हणजे तिच्यात त्याचाही वाटा आहे, आणि 'पोराला दिली' हे त्याला दिवाळीत व्हिडिओ कॉलवर कळलं तर प्रकरण गिटारीपुरतं राहणार नाही. आतले फोटो, पॉटचे नंबर, दोन-तीन ठिकाणचे भाव, सगळं त्याला पाठवा आणि सरळ विचारा, निम्मे पैसे हवेत का. हवे असतील तर भारतात जो भाव मिळतोय त्याच्या निम्मे द्या, न्यू जर्सीतल्या किमतीच्या निम्मे नाही, आणि व्हॉट्सॲपवर का होईना, दोघांनी लिहून ठेवा.